खडीच्या वाटेवरचा ट्रेलर: बर्ली कोहो एक्ससी आणि त्याचे भाऊबंद

सायकलमागे खडीवरून सामान ओढायचं असेल तर ट्रेलर किती किलो झेलतो हे शेवटी बघा. बहुतेक सगळे पुरेसं झेलतात. अडतं ते जोडणीशी आणि चाकाशी.

बर्ली कंपनीचा कोहो एक्ससी हा एकचाकी ट्रेलर. स्वतःचं वजन नऊ किलोंच्या थोडं वर, भार 32 किलोपर्यंत, 16 इंची चाक, त्यावर 3 इंच रुंद टायर आणि स्प्रिंगचं सस्पेन्शन. जुना बॉब याक तेवढंच ओझं वाहतो आणि जेमतेम सहा किलोंचा आहे, पण त्याला सस्पेन्शन नाही. डांबरावर याकच बरा. अमेरिकेतल्या ग्रेट डिव्हाइडसारख्या मार्गावर मात्र मैलोन्‌मैल रस्ता पन्हळी पत्र्यासारखा असतो. तिथे लहान चाक प्रत्येक खळगीत उतरतं, ट्रेलर उड्या मारतो आणि तो हिसका थेट तुमच्या मागच्या अ‍ॅक्सलला बसतो. नटबोल्ट ढिले होतात, पिशव्या घासून फाटतात. ते टाळायला सस्पेन्शनचे तीन किलो जास्त ओढणं परवडतं. रुंद टायरमध्ये हवा मात्र कमी ठेवा. दगडासारखा टणक फुगवलात तर 3 इंचांचा फायदा संपला.

बर्लीचाच दोनचाकी नोमॅड 45 किलो नेतो आणि उभा करायला सोपा. पण चाकोरीच्या रस्त्यावर तुमचं चाक एका चाकोरीत आणि ट्रेलरचं एक चाक मधल्या उंचवट्यावर, अशी ओढाताण चालते. अरुंद पायवाटेवर तर तो नकोच. पोलंडचा एक्स्ट्राव्हील वेगळा विचार करायला लावतो: मोठं चाक आणि दोन्ही बाजूंना पॅनिअर, म्हणजे लटकत्या पिशव्या. सायकलच्याच मापाचं चाक घेतलं तर ट्यूब आणि टायर दोन्हीकडे चालतात, हे आडरानात फार मोलाचं.

आता जोडणी. एकचाकी ट्रेलर मागच्या अ‍ॅक्सलला धरतो. क्विक रिलीज (खटक्याने सुटणारं चाक) असेल तर ट्रेलरसोबतचा स्क्यूअर, म्हणजे अ‍ॅक्सलमधून जाणारी बारीक दांडी, चालतो. थ्रू अ‍ॅक्सल (फ्रेममध्येच पिळून बसवायचा जाड अ‍ॅक्सल) असेल तर ट्रेलरसाठीचा वेगळा घ्यावा लागतो आणि त्याची लांबी व आट्यांचं अंतर दोन्ही जुळायला हवं. आपला अ‍ॅक्सल काढून पट्टीवर दहा आटे मोजा: 10 मिलिमीटर भरले तर अंतर 1.0, 15 भरले तर 1.5, साडेसतरा भरले तर 1.75. अंदाजाने पिळलात तर फ्रेममधले आटे जातील. रॉबर्ट अ‍ॅक्सल प्रोजेक्ट ही कंपनी बॉबसाठी असे अ‍ॅक्सल बनवते.

पाणी, स्टोव्ह, हत्यारं तळाशी. तंबू आणि कपडे वर. जड वस्तू वर गेली की उतारावर शेपूट डोलायला लागतं, आणि ते सुरू झालं की पुढचा ब्रेक करकचून दाबू नका. रोज सकाळी ट्रेलरचं मागचं टोक धरून डावी-उजवीकडे पिळून पाहा. जोडणीत खटखट जाणवली तर आधी ती घट्ट करा, मगच निघा. बॉबच्या जोडणीच्या पिना हरवतात. दोन जास्तीच्या ठेवा.

16 इंची टायर घेताना 305 हा आकडा (रिमचा मिलिमीटरमधला व्यास) तपासा. 349 चाही 16 इंचीच म्हणून विकला जातो, आणि तो या रिमला बसत नाही.

सामान पंधरा किलोंच्या आत असेल किंवा वाटेत सायकल वारंवार ढकलत न्यावी लागणार असेल, तर ट्रेलर घेऊ नका. खडकाळ चढावर तो मागे ओढतो, आणि अरुंद जागी सायकल मागे घेताना काटकोनात दुमडतो. तिथे फ्रेमला बांधायच्या पिशव्याच बऱ्या.