अणू आणि प्रकाश: स्प्रिंग धरावी की ऊर्जापातळ्या?

बीएस्सीच्या प्रयोगशाळेतला सोडियम लॅम्प आठवा. चालू केला की आधी लालसर उजळतो, काही मिनिटांनी पिवळाधमक होतो आणि आपण जर्नलमध्ये ५८९३ अँगस्ट्रॉम लिहून मोकळे होतो. आता प्रोजेक्टसाठी याच प्रकाशाचं गणित मांडायचं, तर मॉडेल कुठलं? माझ्या मते आधी भौतिकशास्त्रज्ञ लॉरेंट्झचं स्प्रिंगचं मॉडेल. तिथे अडलं तरच क्वांटम, म्हणजे अणूला ठराविक ऊर्जापातळ्याच देणारं.

लॉरेंट्झच्या चित्रात इलेक्ट्रॉन अणूला जणू स्प्रिंगने बांधलेला असतो. प्रकाशलहर त्याला हलवते, वारंवारता जुळली की तो जोरात झुलतो आणि झुलता झुलता प्रकाश बाहेर टाकतो. काचेचा अपवर्तनांक, प्रिझमचा रंगपट्टा, आकाशाचा निळेपणा, सगळं एवढ्यावर भागतं. गंमत म्हणजे ५८९ नॅनोमीटरला हे झुलणं सुमारे १५.६ नॅनोसेकंदांत विरतं असं अभिजात (क्लासिकल, क्वांटमविना) सूत्र सांगतं, आणि सोडियमच्या उत्तेजित (ऊर्जा घेऊन वर चढलेल्या) पातळीचं मोजलेलं आयुष्य आहे सुमारे १६! भाळू नका मात्र. हायड्रोजनच्या १२१.६ नॅनोमीटरच्या रेषेला हेच सूत्र ०.६७ नॅनोसेकंद देतं, प्रत्यक्षात भरतात १.६.

शिवाय स्प्रिंग किती ताठ, हे बाहेरून घालावं लागतं. ५८९.० आणि ५८९.६ अशी जोडरेषाच का, याला इलेक्ट्रॉनचं स्पिन (त्याचा अंगभूत कोनीय संवेग) आणल्याशिवाय उत्तर नाही.

लेसर आला की मात्र स्प्रिंग सोडाच. तिच्यावर कितीही प्रकाश टाका, ती त्याच प्रमाणात शोषत राहते. खरा सोडियम अणू, वारंवारता नेमकी जुळलेली असेल तर, दर चौरस सेंटिमीटरला काही मिलिवॅटवरच संपृक्त होऊ लागतो आणि शोषण मंदावतं. इथे अणूला ऊर्जापातळ्या द्या, प्रकाश खुशाल लहरच ठेवा. (प्रकाशविद्युत परिणामाचा उंबरठासुद्धा, म्हणजे ठराविक वारंवारतेखालच्या प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन न सुटणं, या अर्ध्यामुर्ध्या मॉडेलातून निघतो, हे वर्गात क्वचितच सांगतात.)

प्रकाशही क्वांटम करायचा तो दोन कामांसाठी. एक, उत्तेजित अणू अंधारात आपोआप का उजळतो, याचं गणित. ते डिरॅकने १९२७ साली केलं. दुसरं, एकेक फोटॉन (प्रकाशाचा कण) मोजणं. १९७७ साली किंबल, डॅजनेस आणि मँडेल यांनी सोडियमच्याच विरळ झोतावर प्रयोग केला. एक फोटॉन सुटला की लगेच दुसरा येण्याची शक्यता घटलेली दिसली, कारण अणूला आधी पुन्हा वर चढावं लागतं. कुठल्याही अभिजात लहरीला हे जमत नाही.