चार रविवारचा तर्कशास्त्राचा वर्ग: पैसे वसूल, खुर्च्या सोडून

नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. बाराशे रुपये, चार रविवार. बारावीला मी तर्कशास्त्र घोकून पास झाले होते. कळलं ते आत्ता, बावन्नाव्या वर्षी.

पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं: 'गंगापूर धरणातून भरपूर पाणी सोडलं की गोदेची पातळी वाढते. पातळी वाढली आहे. म्हणून धरणातून पाणी सोडलं आहे.' आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या (या मूर्तीवरूनच आपण पूर किती ते ओळखतो) कमरेला पाणी लागलं की आपण हेच म्हणतो ना! सर म्हणाले, अयुक्त, म्हणजे दिलेल्या विधानांवरून हा निष्कर्ष निघत नाही. शहरातच धो धो पाऊस झाला असेल तर? उत्तरांग ('पातळी वाढते' हा भाग) खरं, म्हणून पूर्वांग ('पाणी सोडलं' हा भाग) खरं ठरत नाही. उलट 'पातळी वाढलेलीच नाही, म्हणजे पाणी सोडलेलं नाही' ही रचना मात्र चालते. मी घरी येईपर्यंत रिक्षात हेच घोळवत होते.

मग मिसळ. सगळे नाशिककर मिसळ खातात, सासूबाई नाशिककर, म्हणून त्या मिसळ खातात. युक्तिवाद युक्त, म्हणजे रचना बरोबर, पण पहिलं आधारविधानच खोटं. आमच्या सासूबाईंना तर्रीचा वासही सोसत नाही.

न्यायदर्शनाचे, म्हणजे आपल्या जुन्या भारतीय तर्कपरंपरेचे, अनुमान मांडायचे पाच अवयव (प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन) शेवटच्या अर्ध्या तासात उरकले, याचा राग आहे. त्यातल्या ठरलेल्या उदाहरणात डोंगरावरच्या धुरावरून अग्नी ओळखेपर्यंत चहा आला!

झेरॉक्स फिकट. खुर्च्या प्लास्टिकच्या, पाठ धरते. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा. चार स्टार.