फ्लोरिडाची बेटे, अभयारण्ये आणि ८० डॉलरचा वार्षिक पास: वर्षभराच्या वापरानंतर

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय उद्यानांत आणि अभयारण्यांत वर्षभर प्रवेशशुल्क न भरता जाऊ देणारा 'अमेरिका द ब्यूटिफुल' हा वार्षिक पास काय असतो आणि कुठे मिळतो, हे अमेरिकेत राहणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांना ठाऊक असते, त्यामुळे मी थेट वापराकडे वळते. डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारावर ८० डॉलर मोजून आम्ही तो घेतला आणि फ्लोरिडातील बेटे, अभयारण्ये व किनारे गाडीने पालथे घालताना वर्षभर वापरला. पैशांच्या हिशेबात तो फायद्याचा ठरला. तरीही एका गोष्टीने इतका मनस्ताप दिला आहे की ती आधी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ती गोष्ट म्हणजे कार्डाच्या पाठीवरची सही.

कार्ड जाड प्लॅस्टिकचे असते आणि त्याच्या पाठीमागे दोन सह्यांसाठी जागा असते, कारण एका पासचे दोन धारक असू शकतात. नवरा-बायकोसाठी ही सोय उत्तमच आहे. सही नसेल तर पास ग्राह्य धरत नाहीत, आणि सहीबरोबर फोटो असलेले ओळखपत्रही दाखवावे लागते. नियम म्हणून हे रास्त आहे. परंतु ज्या पट्टीवर सही करायची, तिच्यावर साध्या बॉलपेनची शाई टिकत नाही. फ्लोरिडात गाडीतून उतरताना प्रत्येकाच्या हाताला सनस्क्रीन आणि डास पळवणारे औषध लागलेले असते. त्या औषधातले डीट काही प्रकारचे प्लॅस्टिकसुद्धा विरघळवते, मग शाईची काय कथा! शिवाय जिथे प्रवेशद्वारावर माणूस नसतो, तिथे कार्ड डॅशबोर्डवर काचेतून दिसेल असे ठेवावे लागते, म्हणजे ते तासन्‌तास उन्हात तापते. वसंत ऋतू संपेपर्यंत माझ्या सहीतले पहिले अक्षर गेले आणि उन्हाळ्यानंतर तिथे फक्त एक फिकट निळसर डाग उरला. नवऱ्याने त्याची सही मार्करने केली होती, ती मात्र जशीच्या तशी राहिली.

त्यानंतर एके दिवशी नवरा कामावर असताना मी मुलांना आणि सासू-सासऱ्यांना घेऊन गेले आणि प्रवेशद्वारावर मला अडवण्यात आले. कार्डावर माझी सही नाही आणि ज्यांची सही आहे ते गाडीत नाहीत, म्हणून पूर्ण शुल्क भरा, असे सांगण्यात आले. माझा वाहन परवाना, दोघांचे एकच आडनाव, सहीच्या जागेवरचा तो डाग, हे सगळे मी दाखवले. तुमच्यासमोर पुन्हा सही करते, असेही म्हटले. उपयोग झाला नाही. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि सासरे मागच्या आसनावरून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "जाऊ दे गं, पैसे भरून टाक." मी पैसे भरले. नंतर पावतीसह पत्र लिहिले, तर उत्तरात तोच नियम मला पुन्हा ऐकवण्यात आला. पास हरवला किंवा चोरीला गेला तर बदलून मिळत नाही, विकत घेतल्यावर त्याचे पैसे परत मिळत नाहीत, आणि सही पुसली गेली तर त्याची जबाबदारीही तुमचीच. एवढ्या मोठ्या यंत्रणेला शाई धरून ठेवणारी दोन बोटांची पट्टी बनवता येऊ नये, याचा मला अजूनही राग येतो. ज्यांच्याकडे हे कार्ड आहे त्यांनी कायम टिकणाऱ्या मार्करने सही करावी, तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि कार्ड पाकिटात बंद ठेवावे.

आता हिशेब. एव्हरग्लेड्सचे शुल्क गाडीमागे ३५ डॉलर आहे आणि ते सात दिवस चालते. कनॅव्हरल नॅशनल सीशोअरचे २५ डॉलर, मेरिट आयलंड अभयारण्यातील ब्लॅक पॉइंट वाइल्डलाइफ ड्राइव्हचे १० डॉलर, आणि सॅनिबेल बेटावरील डिंग डार्लिंग अभयारण्यातील वाइल्डलाइफ ड्राइव्हचे १० डॉलर. या चार ठिकाणी एकेकदा गेले तरी बरोबर ८० डॉलर होतात, म्हणजे पाचव्या प्रवेशापासून सगळे फुकट. जिथे शुल्क गाडीमागे असते तिथे गाडीतील सगळे पासवर आत जातात. जिथे माणशी असते तिथे धारक आणि आणखी तीन प्रौढ. सोळा वर्षांखालील मुलांना तसेही शुल्क नसते. सेंट ऑगस्टीनचा जुना किल्ला पाहायला माणशी १५ डॉलर लागतात. आम्ही चार प्रौढ होतो, त्यामुळे तिथे एका दुपारीच ६० डॉलर वाचले. आणखी एक सोय काटकसरी माणसाने लक्षात ठेवावी: पासची मुदत विकत घेतलेल्या तारखेला संपत नाही, ती पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या अखेरीस संपते. आम्ही महिन्याच्या सुरुवातीला घेतल्यामुळे जवळजवळ तेरा महिने पदरात पडले आणि दोन्ही डिसेंबरांतील थंडीचे चांगले दिवस एकाच पासमध्ये बसले.

एव्हरग्लेड्सविषयी एक सूचना करणे भाग आहे, कारण तिचा खर्चाशी थेट संबंध आहे. रॉयल पामच्या वाहनतळावर काळी गिधाडे गाड्यांचे रबर कुरतडतात. काचेच्या कडेचे रबर ती चोचीने सोलून काढतात, वायपरची पाती ओढतात, आणि भाड्याची गाडी असेल तर त्याचा भुर्दंड शेवटी तुमच्याच माथी येतो. उद्यानाने तिथे ताडपत्र्या आणि हुकांचे लवचीक दोर फुकट ठेवलेले आहेत. आम्ही पोहोचलो तेव्हा अर्धे वाहनतळ अशा झाकलेल्या गाड्यांनी भरलेले होते आणि एका उघड्या गाडीच्या टपावर तीन गिधाडे बसून काचेच्या वरच्या कडेला एकामागून एक चोच मारत होती. गाडी झाकायला दोन मिनिटे लागतात. ती खर्च करूनच पुढे जावे. पुढे पाण्याच्या कडेला अ‍ॅलिगेटर ऊन खात पडलेले असतात आणि आपल्याकडच्या तिरंदाज पक्ष्याचा भाऊबंद असलेला अनहिंगा पंख पसरून वाळवत बसलेला असतो. ते सगळे हातभर अंतरावरून पाहायला मिळते, आणि त्यासाठी वेगळी सहल विकत घ्यावी लागत नाही.

सॅनिबेलचे डिंग डार्लिंग अभयारण्य हे मला या संपूर्ण भटकंतीतले सर्वांत मोलाचे ठिकाण वाटते. खारफुटीतून जाणारा सुमारे ४ मैलांचा एकेरी रस्ता गाडीतूनच पाहता येतो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना एकही पक्षी चुकला नाही. मात्र दोन गोष्टी पाळाव्यात. शुक्रवारी हा रस्ता बंद असतो, आणि जायचे ते भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच. आम्ही एकदा भरतीच्या वेळी गेलो तेव्हा पाण्याशिवाय काही दिसले नाही. ओहोटीला गेलो तेव्हा उघड्या पडलेल्या चिखलावर बगळे, पाणकावळे आणि रोझिएट स्पूनबिल हे गुलाबी 'चमचे' पक्षी एकत्र उतरले होते. चमचा आपली चपटी चोच किंचित उघडी ठेवून गढूळ पाण्यात डावीकडून उजवीकडे झाडू मारल्यासारखी फिरवतो आणि काही लागले की चटकन मान वर करतो. ते पाहण्यासाठी मुले गाडीच्या काचेला नाक लावून बसली होती. बेटावर जाणाऱ्या पुलाचा ६ डॉलरचा टोल या पासमध्ये येत नाही. सप्टेंबर २०२२ च्या इयन वादळात हा पूल तुटला होता, हे आठवले की तो टोल भरताना हात आखडत नाही.

इथपर्यंत माझे मत पासच्या बाजूने पक्के होते. फ्लोरिडाच्या दक्षिणेकडील 'की' (Keys) नावाच्या बेटांवर गेल्यावर ते डळमळू लागले. बिग पाइन की आणि नो नेम की या बेटांवरील की डिअर अभयारण्याला प्रवेशशुल्कच नाही. १९५७ मध्ये ते स्थापन झाले, तेव्हा 'की डिअर' ही उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांची सर्वांत लहान उपजात काही डझनांवर आली होती. संध्याकाळी नो नेम कीच्या रस्त्यावर गाडी हळू चालवली तर ही मोठ्या कुत्र्याएवढी हरणे कडेच्या गवतात चरताना दिसतात. त्यांना खायला घालणे बेकायदा आहे, आणि गाड्यांखाली सापडून ती मरतात म्हणून वेगमर्यादा कसोशीने पाळावी. पेलिकन आयलंड हे १९०३ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी जाहीर केलेले देशातील पहिले अभयारण्य, तेही फुकट. बिस्केन उद्यान फुकट, बिग सायप्रस फुकट. उलट की बेटांवरचा सर्वांत सुंदर समुद्रकिनारा ज्या बाहिया होंडा उद्यानात आहे, ते राज्य सरकारचे आहे. तिथे हा पास चालत नाही आणि गाडीमागे ८ डॉलर अधिक माणशी ५० सेंट मोजावे लागतात. तंबूची जागा, ट्राम, होडी यांपैकी कशावरही वार्षिक पासची सवलत नाही. ड्राय टोर्टुगासला जाणाऱ्या बोटीच्या तिकिटातील १५ डॉलरचे प्रवेशशुल्क पासधारकाला परत मिळते, पण बोटीचे भाडेच माणशी २०० डॉलरच्या वर असल्याने सहा जणांच्या कुटुंबाने तो विचार मनातून काढून टाकावा, असे मला वाटते. आम्ही काढून टाकला.

खरा धक्का डिंग डार्लिंगच्या माहिती केंद्रात बसला. तिथे कळले की केवळ अभयारण्यांतच जायचे असेल तर ८० डॉलरच्या पासची गरजच नाही. २५ डॉलरचे डक स्टॅम्प घेतले तरी प्रवेशशुल्क आकारणाऱ्या कोणत्याही राष्ट्रीय अभयारण्यात प्रवेश मिळतो. हे मुळात पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी लागणारे तिकीट असले तरी ते कोणीही घेऊ शकतो, आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जमिनी राखण्यासाठी जातात. ज्यांचे नाव या अभयारण्याला दिले आहे ते व्यंगचित्रकार म्हणजे जे (Jay) नॉरवुड 'डिंग' डार्लिंग. त्यांनीच १९३४ मध्ये पहिल्या डक स्टॅम्पचे चित्र काढले. की डिअर हरणांच्या शिकारीविरुद्धही त्यांनी व्यंगचित्रातून आवाज उठवला. त्यांच्या आग्रहामुळे सॅनिबेलची ही जमीन १९४५ मध्ये राखीव झाली. हे समजल्यावर वाटले की आपले २५ डॉलर नेमके त्याच चिखलासाठी आणि त्याच पक्ष्यांसाठी जावेत. पासच्या जाहिरातीत ही तुलना कुठेही ठळकपणे दिलेली नाही, आणि ती द्यायला हवी.

भारतातून आलेल्या आई-वडिलांविषयीही स्पष्ट सांगते, कारण हा प्रश्न घरोघरी निघतो. ६२ वर्षांवरील ज्येष्ठांचा २० डॉलरचा वार्षिक किंवा ८० डॉलरचा आजीवन पास फक्त नागरिकांना आणि कायमस्वरूपी रहिवाशांना मिळतो; व्हिसावर आलेल्या पालकांच्या नावावर तो काढता येत नाही. १ जानेवारी २०२६ पासून वार्षिक पासचा दर रहिवाशांसाठी ८० डॉलरच राहिला असला तरी इतरांसाठी तो २५० डॉलर झाला आहे, म्हणून पाहुणे बरोबर असतील तर निघण्यापूर्वी नवे नियम वाचून घ्यावेत. त्याच तारखेपासून पास फोनवरही मिळू लागला आहे. सहीच्या त्रासातून सुटण्यासाठी मी आता तोच घेण्याचा सल्ला देईन. फक्त एव्हरग्लेड्समध्ये फोनला सिग्नल मिळेलच असे नाही, त्यामुळे तो आधीच उतरवून ठेवावा.

आमचे कार्ड संपले आहे आणि नवे आम्ही घेतलेले नाही. मुलगी यंदा चौथीत जाणार आहे, आणि चौथीतल्या मुलांना १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असा वर्षभराचा कौटुंबिक प्रवेश फुकट मिळतो; ज्यांच्या घरी त्या वयाचे मूल आहे त्यांनी ८० डॉलर मुळीच खर्च करू नयेत. तोपर्यंत २५ डॉलरचे डक स्टॅम्प पुरेसे आहे. त्याची मुदत ३० जूनला संपते, पण जुलै-ऑगस्टचे दोन महिने मोकळे राहिले तरी बिघडत नाही. त्या दिवसांत एव्हरग्लेड्समध्ये डास इतके असतात की मुलांना घेऊन गाडीबाहेर उभे राहवत नाही, आणि रोज दुपारी पाऊस कोसळतो.