कामगंध सापळे: तीन एकर पऱ्हाटीत एका हंगामाचा अनुभव

आमची यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात तीन एकर कोरडवाहू पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. मागच्या हंगामात गुलाबी बोंडअळीसाठी नरसाळ्याचे कामगंध सापळे आणले, एकरी 2 प्रमाणे 6. घ्यावे की नाही असं गटातल्या बायका विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

2017 साल आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही. बोंडअळीला तोंड देणारं बीटी बियाणं असूनही त्या साली अळीनं बोंडं पोखरली, आणि जो तो पंप पाठीवर घेऊन सुटला. फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात माणसं गेली. माझे दीर चार दिवस दवाखान्यात होते. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, गरज नसताना वावरात फवारा मारायचा नाही. पण गरज आहे की नाही ते कळणार कसं? अळी बोंडाच्या आत, आणि बोंड वरून हिरवंगार. सापळ्याचा उपयोग नेमका इथं होतो.

वस्तू साधी आहे. वर टोपी, खाली नरसाळं, त्याला लांब प्लॅस्टिकची पिशवी. टोपीखाली ल्यूर अडकवायचा. त्याला बोंडअळीच्या मादी पतंगाचा गंध असतो, त्या ओढीनं नर येतात आणि पिशवीत पडतात. पेरणीनंतर 45 दिवसांनी लावले, शेंड्याच्या फूट-दीड फूट वर. पऱ्हाटी वाढेल तसा सापळाही वर घ्यावा लागतो, म्हणून बांबूला सुतळीनंच बांधा. ल्यूरला कांद्या-तंबाखूचा हात लावू नका.

पहिले दहा दिवस एकही पतंग नाही. आम्ही खूश. मग एका सकाळी सासूबाईंनी एक डोमकळी आणून माझ्या हातावर ठेवली. पाकळ्या आतून शिवल्यासारख्या, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल. उलगडलं तर आत बारीकशी अळी. मग सापळा रिकामा कसा? पाकीट शोधून वाचलं, तर ल्यूर हिरव्या बोंडअळीचे! गुलाबीला गॉसिप्ल्युर लागतो. कृषी केंद्रवाले दादा म्हणाले, "ताई, सगळे सारखेच असतात." सारखे नसतात हो. त्या दहा दिवसांचा मला आजही राग येतो. पाकिटावर किडीचं नाव आणि मुदत वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

बरोबर ल्यूर लावल्यावर चित्रच बदललं. मोजणी सासूबाईंकडे. रोज सकाळी पिशवी सोडायची, पतंग मोजून मारायचे, गोठ्याच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहायचा. ऑगस्टभर 1, 2, कधी 3. शेजारच्या वावरात फवारे सुरू झाले तसे आमचे हे अस्वस्थ व्हायला लागले. पण सलग तीन रात्री दर सापळ्यात 8 पतंग आले तर फवारणी, हा हिशेब आम्ही धरून बसलो. तोवर डोमकळ्या तोडून नष्ट करणं आणि निंबोळी अर्क, एवढंच.

सप्टेंबरच्या शेवटी भिंतीवर दर सापळ्यामागे 9, 11, 12 असे आकडे पडले. त्याच दिवशी एकरी 20 हिरवी बोंडं तोडून ओट्यावर बसून फोडली. 60 पैकी 7 मध्ये अळी. शंभरात दहाच्या वर गेलं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी फवारलं, चष्मा, मास्क, हातमोजे घालून. बोंडअळीसाठी पूर्ण हंगामात 2 फवारे झाले, आदल्या साली 5 होते.

आता उणीव. पिशवी फार पातळ. एका वादळात दोन फाटल्या, आणि पाऊस आत गेला की पतंग कुजून मोजता येत नाहीत. ल्यूर तीन-चार आठवड्यांनी बदलावा लागतो, तो खर्च आधीच धरा. तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर याचा काही उपयोग नाही, त्यांच्यासाठी पिवळे चिकट सापळे वेगळे. आणि एकरी 2 सापळ्यांनी अळी संपेल असं कोणी सांगितलं तर मानू नका. हे पतंग मोजण्यापुरते आहेत. फक्त नर अडकतात, मादी मोकळीच राहते.

फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तीच पऱ्हाटी राखून घेतलेलं पीक, न घेता डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली. भाव नव्हता म्हणून कापूस मागच्या खोलीत साठवला होता. सासूबाई म्हणाल्या, एक सापळा तिथं टांगून बघ. नवा ल्यूर लावून टांगला. चौथ्या दिवशी पिशवीत 14 पतंग होते, तेही वावरात पऱ्हाटीचं एक झाड उभं नसताना, म्हणजे साठवलेल्या कापसातूनच निघालेले. यंदा 7 सापळ्यांचे ल्यूर घेणार आहे, सातवा कापसाच्या खोलीसाठी.