सोललेल्या गऱ्यांचा डबा: फळ उत्तम, चिठ्ठी सैल

दादर पश्चिमेला कोकणी मालाच्या एका दुकानात मे महिन्यात फणसाच्या सोललेल्या कापा (घट्ट, करकरीत जातीच्या) गऱ्यांचा ४०० ग्रॅमचा डबा १६० रुपयांना मिळतो. हाताला खोबरेल चोळून, विळीला चिकटणारा चीक खरवडत अख्खा फणस फोडायला मुंबईच्या दोन खोल्यांत ना जागा असते ना सवड, त्यामुळे ही किंमत मला अवाजवी वाटली नाही. दोन आठवड्यांत तीन डबे आणले. पहिल्या दोहोंतले गरे करकरीत आणि मधुर होते. तिसऱ्याच्या तळाचे चार मात्र पिळपिळीत निघाले आणि त्यांना आंबूस वास येत होता. दुकानदाराने वाद न घालता डबा बदलून दिला.

माझा आक्षेप आहे तो झाकणावरच्या चिठ्ठीला. तीत फणसाला ‘क जीवनसत्त्वाचा खजिना’ म्हटले आहे. १०० ग्रॅम पिकल्या गऱ्यांत हे जीवनसत्त्व सुमारे १४ मिलिग्रॅम असते, म्हणजे प्रौढ पुरुषाच्या ८० मिलिग्रॅमच्या दैनंदिन गरजेचा जेमतेम सहावा हिस्सा. तेवढ्याच पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर भरते. फणसाची खरी बाजू वेगळी आहे: पोटॅशियम सुमारे ४५० मिलिग्रॅम, आणि फळांत सहसा कमीच आढळणारे ब-६ जीवनसत्त्व ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास. चिठ्ठीत या दोहोंचा उल्लेखही नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर या पोटॅशियममुळेच डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरे खाऊ नयेत.

‘मधुमेहींसाठी वरदान’ हा दावा अधिक खटकतो. आंध्र प्रदेशातील एका छोट्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, रुग्णांना १२ आठवडे रोज ३० ग्रॅम कच्च्या फणसाचे पीठ तेवढ्याच तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाऐवजी दिले गेले आणि त्यांच्या रक्तातील साखरेचे तीन महिन्यांचे सरासरी प्रमाण घटले. ते पीठ होते आणि तेही कच्च्या फणसाचे. पिकल्या गऱ्यांत १०० ग्रॅममागे जवळपास १९ ग्रॅम साखर आणि दीड ग्रॅमच तंतू असतात. माझ्या मधुमेही आईला मी दोन गऱ्यांपलीकडे जाऊ दिले नाही, आणि त्यावरून घरात जे बोलणे झाले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

गरे आठळ्या काढूनच भरलेले असतात, ही दुसरी उणीव. आठळीत पिष्टाबरोबर गऱ्यापेक्षा कितीतरी अधिक प्रथिने असतात. कच्च्या आठळीतले प्रथिनांचे पचन अडवणारे घटक शिजवल्यावर बरेचसे निष्प्रभ होतात, म्हणून ती उकडून किंवा भाजूनच खावी. तिसऱ्या खेपेस मी सहज विचारले, तेव्हा दुकानदाराने गल्ल्यामागून अर्धा किलोची पिशवी काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. त्या घालून केलेले अळूचे फदफदे आईने दोनदा वाढून घेतले.