काळी खिडकी घालवायची तर: पीवायडब्ल्यू की ईएक्सई?

नागपुरातल्या कळमना बाजाराच्या अडत्याकडे संत्र्याच्या आवकेची पावती काढणारा टीकिंटरचा (पायथनमध्ये खिडक्या-बटणे बनवणारी लायब्ररी) प्रोग्राम बसवला, की मागे उघडणारी काळी खिडकी, म्हणजे कन्सोल, ठेवून चालत नाही. काउंटरवरचा माणूस ती फालतू समजून फुली दाबतो आणि तिच्यासोबत अर्धी भरलेली पावतीही जाते.

बॅच फाइलने प्रोग्राम सुरू केला तर खिडकी क्षणभर चमकतेच. व्हीबीएस ही जुनी स्क्रिप्टची भाषा मायक्रोसॉफ्ट विंडोजमधून काढायला निघाले आहे, त्यामुळे नव्या कामात ते नकोच. उरतात दोन: फाइलचे नाव डॉट पीवायडब्ल्यू करून पायथनडब्ल्यूने, म्हणजे कन्सोल न उघडणाऱ्या पायथनने, चालवणे, किंवा पायइन्स्टॉलर या बांधणीच्या साधनाच्या 'नोकन्सोल' पर्यायाने ईएक्सई बांधणे.

ईएक्सई देखणी, एका फाइलीत काम. सुरुवातीलाच चूक झाली तर ती निदान चौकट दाखवते. पण माझा तिच्यावरचा जीव उडाला तो अँटिव्हायरसमुळे. डिजिटल सही नसलेली ईएक्सई तो संशयाने पाहतो, आणि पावतीतला एक रकाना बदलला तरी बांधणी नवी, फाइल नवी, संशयही नवा. सकाळी लिलाव तोंडावर, आणि आयकॉन आहे पण फाइल अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये अडकलेली. अपवादाच्या यादीत फोल्डर टाकता येते, मात्र ते प्रत्येक मशीनवर जाऊन करावे लागते. पीवायडब्ल्यूमध्ये तोच बदल म्हणजे एक मजकुराची फाइल बदलणे.

पीवायडब्ल्यूचा दोष मुकेपणाचा. तिथे एसटीडीआउट आणि एसटीडीएरर, म्हणजे प्रिंट आणि चुका जिथे छापल्या जातात त्या वाटा, दोन्ही 'नन' (रिकाम्या) असतात. प्रिंट गुपचूप गिळले जाते, चूकही. आयकॉनवर क्लिक केले आणि काहीच घडले नाही, ही तक्रार इथूनच येते. उपाय छोटा आहे. पीवायडब्ल्यू फाइलीत फक्त सिस.एक्सेप्टहुक (न पकडलेली चूक हाताळणारे फंक्शन) लॉग फाइलीत लिहील असे बसवा आणि खरा प्रोग्राम त्यानंतर इम्पोर्ट करा; म्हणजे त्यातली सिंटॅक्सची चूकसुद्धा लॉगमध्ये पडते. बटणामागच्या चुका टीकिंटर स्वतःच पकडतो, म्हणून रिपोर्ट_कॉलबॅक_एक्सेप्शन वेगळे बदलावे लागते. ईएक्सईलाही हे चुकत नाही. लॉग यूटीएफ-८ मध्येच उघडा, नाहीतर शेतकऱ्याचे मराठी नाव लिहितानाच लॉग कोसळतो.

शॉर्टकटमध्ये व्हेन्वमधल्या (प्रोग्रामच्या स्वतंत्र पायथन फोल्डरमधल्या) पायथनडब्ल्यूचा पूर्ण पत्ता द्या. नुसत्या डबल-क्लिकवर भिस्त ठेवली, तर कोणीतरी 'ओपन विथ' बदलल्यावर नोटपॅड उघडते. शॉर्टकटमधला 'स्टार्ट इन' (प्रोग्राम कुठल्या फोल्डरमधून चालावा) हा रकाना रिकामा सोडू नका. डेटाबेसचा सापेक्ष पत्ता तिथेच चुकतो. सबप्रोसेसने (दुसरा प्रोग्राम चालवणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलने) प्रिंटरची कमांड चालवत असाल तर त्याला क्रिएट_नो_विंडो हा पर्याय लावा, नाहीतर घालवलेली खिडकी प्रत्येक पावतीला परत येईल.

पायथन टाकण्याची मुभाच नसलेल्या मशीनवर ईएक्सई घ्यावी लागेल, हे मान्य. तेव्हाही 'वनफाइल'ऐवजी (सगळे एका फाइलीत) 'वनडिर' (सगळे एका फोल्डरमध्ये) निवडा. वनफाइल प्रत्येक वेळी टेम्प फोल्डरमध्ये सगळे उलगडते. जुन्या हार्डडिस्कवर तेवढ्यात माणूस आयकॉन दोनदा दाबतो आणि दोन प्रोग्राम उघडतात.