चेक बाऊन्सच्या केससाठी गेलेलं वकिलांचं ऑफिस: माझा अनुभव

कर्नाटकात, बेळगावच्या वडगावात आमचे चार यंत्रमाग आहेत. इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याला साड्या दिल्या, त्याचा ८२,००० चा चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला. ‘उद्या टाकतो, परवा टाकतो’ यात २२ दिवस गेले. शेवटी शेजारचे मामा मला कोर्टाजवळच्या या ऑफिसात घेऊन गेले.

वकीलसाहेबांनी आधी चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मागितला आणि तारीख बघून हातातलं काम बाजूला ठेवलं. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली नाही तर केसच उभी राहत नाही. नोटीस त्याच संध्याकाळी पोस्टात पडली. व्यापारी महाराष्ट्रातला, मला तिकडं खेपा घालाव्या लागतील ही मोठी धास्ती होती. पण चेकच्या कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनुसार आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्याच कोर्टात फिर्याद करता येते. ते ऐकून जीव भांड्यात पडला.

नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांची मुदत असते. त्यात पैसे आले नाहीत, मग त्याच कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ ची फिर्याद. यात पोलीस नसतात, आपणच थेट मॅजिस्ट्रेटपुढं जायचं. समन्सपासून पुराव्यापर्यंत सगळा भार त्या कोर्टावर. २०१९ अखेर देशातल्या २.३१ कोटी प्रलंबित फौजदारी खटल्यांत ३५.१६ लाख चेकचे होते, असं सुप्रीम कोर्टानंच नोंदवलंय. बाकावर बसलं की ते दिसतं: पुकारा होतो, समन्स ‘पत्त्यावर नाही’ म्हणून परत आलेलं असतं, पुढची तारीख. म्हणूनच या ऑफिसनं व्यापाऱ्याचे दुकान, घर, गोडाऊन असे तीन पत्ते आणि व्हॉट्सअॅप नंबर सुरुवातीलाच माझ्याकडून घेतले, ते मला सगळ्यात पटलं. आमचं समन्स पहिल्याच फेरीत बजावलं गेलं.

कागद कन्नडमध्ये झाले, पण सहीआधी कारकुनानं एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. ती पंधरा मिनिटं मी विसरणार नाही.

तक्रार एकच. तारखेचा मेसेज आदल्या रात्री येतो. माग बंद ठेवायचे तर दोन दिवस आधी कळायला हवं.

केस अजून चालू आहे, निम्मे पैसे आलेत. जाताना मूळ चेक, बँकेचा मेमो, मालाची बिलं घेऊन जा. सकाळी साहेब कोर्टात असतात, संध्याकाळी पाचनंतर भेटतात.